पनवेलचा वकील दिल्लीला कशाला गेला?

(भिवंडीजवळ शेलार येथे यंत्रमाग कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



रात्रपाळी करून, अंगावरची रुई न झटकता तुमच्यापैकी कितीतरी जण थेट इथे येऊन बसले आहेत. बारा तास साच्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला पाऊण तास बसवून ठेवायचे, तर सांगणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही असावे लागते. आम्ही आज एका वकिलाची गोष्ट सांगणार आहोत. वकील म्हटल्यावर काही जण हसले. हसा. वकिलाच्या पायरीवर आपल्या माणसाची काय गत होते ते आम्हालाही ठाऊक आहे. पण हा वकील वेगळा होता, आणि त्याच्या कामाचा तुमच्याआमच्या भाकरीशी आजही संबंध आहे, म्हणून ही गोष्ट.

उरण तालुक्यात जासई नावाचे गाव आहे. तिथे १३ जानेवारी १९२६ रोजी दिनकर बाळू पाटील यांचा जन्म झाला. आगरी घर. खाडी, खाजण, भाताची शेती आणि मीठ, एवढाच त्या मुलखाचा पसारा. ह्या शेलारात, कामवारीच्या काठच्या गावांत जे आगरी-कोळी बांधव राहतात त्यांना तो मुलूख सांगायला नको. तीच माती, तीच बोली. दिनकर शिकला, बी.ए. झाला, एलएल.बी. झाला आणि पनवेलला वकिली करू लागला. पुढे सारा कुलाबा जिल्हा त्यांना 'दि. बा.' म्हणू लागला. आम्हीही दिबाच म्हणणार.

आता त्या काळच्या पनवेलात वकिलाकडे कज्जे कसले येत? कुळाचे. कुलाब्यात खोतांचे राज्य होते. कसायचे कुळाने आणि खायचे खोताने. त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यात चरीच्या परिसरातल्या २५ गावांनी १९३३ साली शेते पेरायचीच नाहीत असे ठरवले, आणि नारायण नागू पाटलांच्या पाठीमागे उभे राहून १९३९ पर्यंत तो संप चालवला. सहा वर्षे! गिरणीत एक महिना संप चालला की चुलीचे काय होते ते तुम्ही जाणता. सहा वर्षे शेत ओस ठेवणाऱ्यांचे काय झाले असेल? लाकडे फोडली, दुसऱ्याच्या वाडीत राबले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. त्यानंतर कूळकायदा आला. १९४८ साली तो बळकट झाला, आणि १ एप्रिल १९५७ ह्या दिवशी कायद्याने कुळाला जमिनीचा मालक मानले. त्या तारखेला 'कृषक दिन' म्हणतात.

मात्र कायद्याने मालक मानले म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही. खोत म्हणे, हा माझा कूळ नव्हेच, हा तर मजूर. मग मामलेदार कचेरीत पुरावा द्या, साक्षी द्या, खंडाच्या पावत्या दाखवा. आणि पावती कुठली? खोताने ती कधी दिलीच नव्हती. ह्या जागी गावच्या वकिलाची गरज लागते. मोठ्या शहरातल्या नामांकित बॅरिस्टराला खंड म्हणजे काय आणि खाजण म्हणजे काय हे आधी समजावून सांगावे लागेल. पनवेलच्या वकिलाला ते घरातच कळलेले असते.

ह्याच सुमारास संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला. त्याची हकिगत गिरणी कामगारांना आम्ही काय सांगावी! २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या कोणी झेलल्या? पुढे शंभरावर हुतात्मे झाले, त्यांत गिरणगावची पोरे किती होती? १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात काँग्रेसची पुरती दाणादाण उडवली. शेतकरी कामगार पक्ष समितीत होता, आणि त्या पक्षाचा ३१ वर्षांचा उमेदवार पनवेलहून आमदार झाला. ते आपले दिबा. द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत ते गेले ते हे द्विभाषिक मोडा असे सांगण्यासाठीच. १ मे १९६० ला ते मोडले.

इथे एक खुलासा करतो, कारण समोर पद्मशाली बांधव बसले आहेत, उत्तरेकडचे मोमीन बांधव बसले आहेत, आणि काही मंडळी भाषेच्या राज्याचा अर्थ भलताच लावतात. आम्ही मराठी राज्य मागितले ते कोणाला हुसकावण्यासाठी नव्हे. सरकारी कागद आला तर तो ज्याच्या दारावर चिकटवला आहे त्याला वाचता यावा, हे त्या मागणीच्या पोटात होते. शेतकऱ्याच्या जमिनीची नोटीस इंग्रजीत निघायची, आणि तिचा अर्थ त्याला मुदत उलटून गेल्यावर कळायचा. राज्य झाले, १९६४ साली मराठी राजभाषेचा कायदाही झाला. कागद मात्र अजूनही कित्येकदा परक्या भाषेतच येतो. असो. मूळ गोष्टीकडे येऊ.

कुळाची जमीन मालकीची झाली १९५७ साली. पुढे किती वर्षे ती मालकी सुखाने नांदली? बोटे मोजा. तेरा वर्षे सुद्धा नाही. ३ फेब्रुवारी १९७० रोजी नवी मुंबईसाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली. त्याच वर्षी मार्च महिन्यात सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण ह्या बाजूंची ९५ गावे, ३४४ चौरस किलोमीटरचा टापू. खोताच्या दाढेतून सोडवलेली जमीन आता सरकारच्या हाती चालली. मुंबईत माणसे मावत नव्हती, नवे शहर हवे होते, ही गोष्ट खोटी नाही. गिरणगावच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपलेल्या माणसाने शहर नको म्हणू नये. दिबाही शहर नको असे म्हणत बसले नाहीत. त्यांचा प्रश्न भावाचा होता, आणि भाव ठरवणाऱ्या कायद्याचा होता.

तो कायदा इंग्रजांनी १८९४ साली केलेला. त्याची चाल नीट ऐका. कायद्याच्या चौथ्या कलमाखाली अधिसूचना ज्या दिवशी निघते, त्या दिवसाचा बाजारभाव धरायचा. ताबा कधीही घ्या, निवाडा कधीही द्या, पैसे कधीही वाटा, भाव त्या दिवसाचाच. नवी मुंबईत कित्येक गावांचे निवाडे कधी झाले? १९८६ साली! म्हणजे भाव १९७० चा आणि पैसे १९८६ ला. मधल्या सोळा वर्षांचे थोडेफार व्याज मिळाले म्हणा. पण विचार करा, मालक जर म्हणाला की तुझी १९८६ ची मजुरी मी १९७० च्या दराने देतो, वर व्याज घे, तर तुम्ही साचा चालवाल काय? आणि ह्या सोळा वर्षांत जमिनीशेजारी रस्ता आला, पूल आला, वाशीची घरे उभी राहिली. जमिनीची किंमत वाढली ती कोणाच्या खात्यात गेली? ज्याने जमीन दिली त्याच्या नव्हे.

बरे, निवाडा पटला नाही तर कोर्टात जाता येत होते. पण त्यालाही एक मेख होती. पैसे घेताना 'हरकत राखून घेतले' असे लिहून द्यावे लागे. ते शब्द न लिहिता अंगठा उठवला की कोर्टाचे दार बंद. आता सांगा, आयुष्यात पहिल्यांदा शे-पाचशेच्या नोटांची चळत पाहणारा म्हातारा शेतकरी, समोर साहेब, मागे रांग. त्याला ते शब्द कोण सांगणार? गावचा वकील सांगणार. एका माणसाला सांगेल, दहांना सांगेल. ९५ गावांना एकेक अंगठा धरून कसे सांगणार? शिवाय जो कोर्टात गेला त्याचाच भाव वाढायचा. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला, तो गेला नाही म्हणून, काही नाही. १९८४ च्या सप्टेंबरात ह्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे, एकाचा भाव कोर्टाने वाढवला तर त्याच अधिसूचनेतल्या इतरांनाही तो मागता येईल असे कलम आले.

हे सारे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. वकिली सोडून राजकारणात गेले, मोठे झाले, खासदार झाले, अशी चरित्रे आपण पुष्कळ ऐकतो. दिबांच्या बाबतीत ही वाट उलगडून पाहिली की दिसते, त्यांनी वकिली सोडलीच नाही. पक्षकार तोच राहिला, कोर्ट तेवढे बदलत गेले. मामलेदार कचेरीत प्रश्न सुटत नाही, कारण कायदा तसा आहे. कायदा मुंबईत होतो म्हणून विधानसभा. आणि भूसंपादन हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्य आणि केंद्र दोघांच्याही हातातला, म्हणून मुंबईतही भागत नाही. मग दिल्ली.

पाच वेळा ते आमदार झाले. १९७२ पासून विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७७ साली आणीबाणी उठल्यावर कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. त्याच लोकसभेने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिने पुष्कळ चांगल्या गोष्टी केल्या, आणीबाणीचे दात काढले. पण मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून बाहेर काढला तोही तिनेच. जमीनदाराचे वतन मोडताना मूलभूत हक्काची ढाल आडवी येई, म्हणून ती काढली, हे समजण्यासारखे आहे. पण दोन एकरवाल्याच्या हातातली ढालही तिच्याबरोबर गेली. कायद्याने घेतली की झाले. तेव्हा पुढची सारी लढाई हा कायदा काय म्हणतो ह्यावरच आली.

१९८० ला लोकसभेची जागा गेली. राजकारणात असे चालायचेच.

आणि मग जानेवारी १९८४. गिरणी कामगारांनो, ही तारीख तुमच्या तारखेशेजारी ठेवून पाहा. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांबाहेर पडले. त्याला दोन वर्षे होत आली होती. संप मिटलेला नव्हता आणि जिंकलेलाही नव्हता. कित्येक जण कोकणात, घाटावर गावी परतले होते, काही इकडे भिवंडीच्या मागांवर आले होते. तुमच्यापैकी कोणाचे वडील असेच आले असतील. ज्याला गिरणीने टाकले तो गावच्या जमिनीकडे पाहत होता, आणि उरण-पनवेलकडे ती जमीनच जात होती.

१६ आणि १७ जानेवारीला जासई, दास्तान फाटा, नवघर ह्या बाजूला शेतकरी रस्त्यावर उतरले. आगरी, कोळी, बाया, पोरे, म्हातारे. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. दोन दिवसांत पाच माणसे गेली. चिर्ले, धुतूम, पागोटे ह्या गावांची ती माणसे. दिबांचे स्वतःचे गाव जासई, आणि गोळ्या त्याच्याच शिवारात. फाउंटनवर गोळ्या झाडणारे सरकार द्विभाषिकाचे होते. जासईला गोळ्या झाडणारे सरकार मराठी राज्याचे होते. हे वाक्य आम्हाला बोलताना जड जाते, पण ह्या पुस्तिकेत ते छापले पाहिजे. राज्य आपल्या भाषेचे झाले म्हणजे ते आपोआप आपल्या बाजूचे होते असे नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींची हत्या झालेली, देशभर सहानुभूतीची लाट, काँग्रेसचे चारशेवर खासदार निवडून आले. भल्याभल्यांची अनामत गेली. त्या लाटेत कुलाब्याने शेतकरी कामगार पक्षाचा माणूस निवडून दिला. लोक दिल्लीच्या दुःखात सामील नव्हते असे नाही. पण त्यांच्या घरचे सुतक त्याहून जवळचे होते. १९८९ पर्यंत दिबा लोकसभेत होते.

जासईच्या पाच जणांच्या जाण्यातून काय उरले? साडेबारा टक्के. शब्द तुम्ही ऐकला असेल, दलालांच्या तोंडून तर नक्कीच. त्याचा अर्थ असा की, ज्याची जितकी जमीन घेतली तिच्या साडेबारा टक्के इतकी जमीन, रस्ते-गटारे करून तयार केलेली, त्यालाच परत द्यायची. रोख पैसा देऊन वाटेला लावायचे नाही. नव्या शहरात त्याचा वाटा ठेवायचा. शहर वाढेल तसा त्याचा वाटाही वाढेल. सरकारने १९९० मध्ये हे धोरण केले. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के कापून घेतात, म्हणजे हातात पावणेनऊच येतात. हिशेबात सरकार कधी चुकत नाही! मिठागरातले मजूर आणि बलुतेदार ह्यांचाही नंतर थोडाफार विचार झाला, छोट्या भूखंडांपुरता. जमीनवाल्याच्या मानाने तो फार थोडा होता हे आम्ही इथे बोललो नाही तर तुम्हीच बोलाल.

आणखी एक कडू गोष्ट. साडेबारा टक्क्यांचे भूखंड पुष्कळांनी विकले. कोर्ट-कचेऱ्या, लग्ने, दुखणी, वाटण्या. भूखंड हातात पडण्याआधीच बिल्डराकडून उचल घेतलेली. ज्या वाट्यासाठी बाप गोळीपुढे उभा राहिला तो मुलाने टेम्पोच्या किमतीत दिला, असेही झाले. दोष त्या मुलाला देणे सोपे आहे. ज्याच्यापाशी जमीन नाही, नोकरी नाही, तो कागदाचा तुकडा किती वर्षे जपेल?

दिबांच्या चरित्रात आम्हाला न पटणारे काही नाही काय? आहे. उभे आयुष्य लाल बावट्याखाली काढून १९९९ साली ते शिवसेनेत गेले. जुन्या सोबत्यांना ते लागले, आम्हालाही लागले. पण आमच्या मते माणूस तोलायचा तो त्याने चाळीस वर्षे कोणता प्रश्न विचारत ठेवला ह्यावरून, आणि तो प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. २४ जून २०१३ रोजी ते गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी, २९ ऑगस्टला, इंग्रजांचा तो १८९४ चा कायदा मोडणारा नवा भूसंपादन कायदा लोकसभेत मंजूर झाला. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू आहे. शहर वसवण्यासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीचा २० टक्के भाग जमीन देणाऱ्या कुटुंबांसाठी राखून त्यांना देऊ करावा, असे त्यात लिहिले आहे. जासईच्या रस्त्यावर मागितलेली गोष्ट देशाच्या कायद्यात आली. नवी मुंबईच्या विमानतळाला जमीन देणाऱ्यांना तर साडेबावीस टक्के मिळाले. २०२१ च्या जूनमध्ये त्या विमानतळाला दिबांचे नाव हवे म्हणून हजारो माणसे हात धरून रस्त्यावर उभी राहिली, आणि २०२२ साली राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. नाव हवेच. पण नावाच्या पाटीखालून जे विमानात बसतील त्यांत ९५ गावांतले किती, हा प्रश्न दिबांनीच प्रथम विचारला असता.

आता शेलारचे. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जमीन कुठे आहे? आमच्याकडे साचाही नाही, साचा शेठचा. खरे आहे. पण आपल्या तालुक्याकडे पाहा. समृद्धी महामार्ग आमण्याला येऊन टेकला. बुलेट ट्रेन अंजूर-भरोडीकडून चालली आहे. विरार-अलिबाग मार्गाची आखणी ह्याच तालुक्यातून आहे. माणकोली, पूर्णा, काल्हेरला शेतांच्या जागी गोदामे उभी आहेत. उद्या कुठल्या रस्त्याची रेघ कुठल्या माग-कारखान्यावरून जाईल ते आज कोण सांगणार? रेघ आली तर जागेच्या मालकाला मोबदला मिळेल, शेडच्या मालकाला मिळेल. पंधरा वर्षे त्या शेडमध्ये राबलेल्याला काय?

२०१३ च्या कायद्यातले एक वाक्य मुद्दाम सांगतो. बाधित कुटुंब कोणते, तर ज्याची जमीन गेली ते एकटेच नव्हे. संपादनाआधी तीन वर्षे जो त्या भागात काम करत होता आणि ज्याची मुख्य कमाई त्याच कामावर होती, त्याचे कुटुंबही बाधित. त्याच्या स्वतःच्या नावावर जमीन नसली तरी. शेतमजूर त्यात आहे, कूळ आहे, कारागीर आहे, आणि मागावरचा कामगारही त्यात बसवता येतो. पण तीन वर्षे काम केले हे दाखवणार कशाने? हजेरीचे कार्ड आहे? पगाराची पावती आहे? मीटरवर मजुरी, हातात रोख, वहीत नाव 'छोटू' नाहीतर 'बिहारी'! कांडी भरणाऱ्या बायकांचे तर वहीत नावच नाही. खोताने कुळाला खंडाची पावती दिली नव्हती, त्याचीच ही पुढची पिढी.

मुदतीही ध्यानात ठेवा. ह्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला ६० दिवस. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा आहे, त्यात २१ दिवसच. अधिसूचना ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत लावली पाहिजे असे कायदाच सांगतो. स्थानिक भाषा म्हणजे इथे मराठी. ती लागली नसेल तर विचारायचा हक्क आपला आहे. आणि शेजारी बसलेल्या बांधवाला तिचा अर्थ त्याच्या तेलगूत, त्याच्या हिंदीत सांगायचे कामही आपलेच आहे. पैसे घ्यायची वेळ आली आणि रक्कम पटली नाही, तर सही करण्याआधी काय लिहायचे ते आज ऐकले आहे. घरी जाऊन पोरांकडून कागदावर लिहून घ्या.

आमचा वकील उमेदवार कोण, असे मघाशी एका भाऊंनी विचारले. आम्ही आज कोणाचे नाव घेऊन आलो नाही. मते मागायला जो येईल, मग तो वकील असो, गुत्तेदार असो की गोदामवाला, त्याला एवढेच विचारा की लूम कामगाराचे नाव वहीत यावे म्हणून तू कुठल्या कचेरीत, कुठल्या सभागृहात, काय बोललास?

आता शेवटचे, म्हणजे लगेच करायचे. मंडपाच्या दाराशी टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत नाव, कुठल्या शेडमध्ये, किती वर्षे आणि बरोबर काम करणारे दोन साक्षीदार, एवढे लिहायचे. दुसरी वही बायांची आहे, ती आमच्या भगिनीच लिहून घेतील, पुरुषांनी तिकडे गर्दी करू नये. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे, आम्ही लिहू, आणि लिहिलेले वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेणार नाही. संध्याकाळच्या पाळीवाल्यांना आधी जाऊ द्या.